पाचटाची पाळी

पद्मावतीला जाऊन नऊ दिवस झाले होते, त्या दिवशी गावाला कळलं की कंपनीनं आपला गट काढून टाकला.

भरमू सकाळची धार काढून तसाच आला. हाताला दुधाचा वास, पायांत चप्पल नाही. त्याचं रान कलगोंडाच्या बांधाला लागून होतं आणि वीस वर्षं दोघांचा बांधावरून कधी शब्द वाढला नव्हता. कलगोंडा सोप्यात घोंगडं टाकून बसला होता. बायकोच्या सुतकात माणूस बसतो तसा, काही न करता.

"अण्णा, फोन बघितलास?"

"माझ्या फोनात काय दिसतंय? निशाकडं दे."

निशा त्याची सून. मुलगा अभिनंदन कागलच्या कारखान्यात पाळीवर जायचा, म्हणून दिवसभर घरात ही दोघंच. तिनं हात पुसून फोन घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. गट क्रमांक चौदा. उसाचं पाचट पेटवल्याचं उपग्रहाच्या नकाशात दिसून आलं आहे. सबब गटाला या हंगामापुरतं यादीतून वगळण्यात येत आहे. पाचट कुट्टीचं यंत्र येत्या मंगळवारी परत नेण्यात येईल. खाली नकाशा होता. हिरवे चौकोन, आणि एका चौकोनाच्या कोपऱ्यात लाल ठिपका.

"कुणाचं रान ते?" कलगोंडानं विचारलं.

निशानं नकाशा दोन बोटांनी मोठा केला. मग पुन्हा लहान करून बघितला.

"बोल की."

"आपलंच हाय, मामा. वड्याकडचं."

"आपल्या रानात कोण पेटवील? दोन वर्षं झाली, आपण काडी लावली न्हाय."

"मामा, तारीख बघा. तीन तारीख हाय."

कलगोंडानं उजवा तळहात उघडून बघितला. तिथली कातडी अजून सोलत होती. भरमू उंबऱ्याकडं बघत राहिला. त्या दिवशी तोही तिथंच होता. त्याच्याही हाताला फोड आले होते, पण ते दाखवायची ही वेळ नव्हती.

तीन तारखेला पद्मावतीला दहनाला त्याच रानात नेलं होतं.

*

कंपनीची फाउंड्री बेळगावच्या पलीकडं मच्छेला होती. लोखंड वितळवून मशिनींचे भाग ओतायचे. कंपनीनं जाहीर केलं होतं की आम्ही आमचा धूर कमी करू, आणि जो कमी होणार नाही त्याची भरपाई दुसरीकडं करू. ती भरपाई वेदगंगेच्या काठावरच्या एक्केचाळीस घरांच्या, म्हणजे ह्या गटाच्या, उसात येऊन पडली. ऊस तुटून गेला की मागं वाळल्या पाल्याचं पाचट राहतं, गुडघाभर. बापजाद्यापासून ते पेटवायचं आणि मोकळ्या रानात खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचं, हीच रीत. कंपनी म्हणाली, पेटवू नका, कुट्टी करून सरीत पसरा; न झालेला धूर आम्ही आमच्या भरपाईत धरू. त्यासाठी ट्रॅक्टरमागं जोडायची कुट्टीची मशीन आम्ही देतो.

कुणी ऐकलं नव्हतं. ऐकवलं ते पद्मावतीनं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मार्चातच विहिरी तळाला गेल्या आणि पेटवलेल्या रानातला खोडवा वाळून सुतळीसारखा झाला. तिनं हट्टानं वड्याकडच्या दहा गुंठ्यांत पाचट तसंच ठेवलं होतं. तेवढाच ऊस हिरवा राहिला. मग ती घरोघर फिरली. बायकांना रानात नेऊन पाचट बाजूला सारायची आणि खालची माती त्यांच्या मुठीत द्यायची. "दाबून बघ. वल हाय का न्हाय?" एवढंच बोलायची.

मशीन एक आणि घरं एक्केचाळीस. पाळीवरून भांडणं होणार हे तिला आधीच कळलं. तिनं प्रत्येक घरातून जुन्या लुगड्याची एक चिंधी मागून घेतली आणि मशीनच्या दांडीला ओळीनं बांधली. ज्याचं रान झालं त्यानं आपली चिंधी सोडायची. वही नाही, सही नाही. बायका लांबूनच आपलं लुगडं ओळखायच्या. पद्मावतीनं आपली चिंधी, पिवळी, काळ्या काठाची, सगळ्यांच्या शेवटी बांधली होती.

म्हणून तीन तारखेला वड्याकडच्या रानात पाचट तसंच पडलेलं होतं. सुटं, वाळलेलं, गुडघाभर.

या भागात पुष्कळ घरांत आपलं माणूस आपल्याच रानात नेतात. कलगोंडाचे आईबाप वड्याच्या काठालाच होते. दोन्ही वेळा माघाचाच महिना होता आणि दोन्ही वेळा रान पेटवून काळं, मोकळं झालेलं होतं. ठिणगी पडली तरी कशावर पडणार? ह्या खेपेला रान मोकळं नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. चार पावलं जागा साफ केली आणि लाकडं रचली. दुपारी वारं फिरलं.

माणसं लिंबाचे डहाळे मोडून आग झोडायला लागली. कलगोंडा खांद्यावरचा पंचा वड्यात बुचकळून आपटत होता. एकदा तर त्यानं जळतं पाचट हातानंच मागं ओढलं. पाठीमागं बायको जळत होती आणि तो तिच्याकडं पाठ करून आग विझवत होता. चार गुंठे गेले. त्या दिवसाबद्दल त्याला तेवढंच आठवायचं, की आपण तिच्याकडं पाठ केली होती.

*

संध्याकाळी डेअरीसमोर माणसं जमली. सुतकातल्या माणसानं येऊ नये, पण कलगोंडा आला आणि कट्ट्याच्या टोकाला लांब बसला.

रविराजला जोर चढला होता. त्याचं रान मोठं, आणि पाळी यायला अजून पंधरा घरं होती. "मी आधीच सांगत हुतो. एका मशीनवर सगळं गाव टांगून ठेवलंय. मंगळवारी मशीन गेली की बुधवारी काडी. दोन तासांत रान मोकळं."

"आनि एप्रिलात बोंबलत बसशील," जयाबाई म्हणाली. ती पद्मावतीच्या बरोबरीची. दोघींनी मिळून गट उभा केला होता. "गेल्या साली तुझाच खोडवा सगळ्यांत गार हुता. ईसरलास?"

"ईसरलो न्हाय गं आक्का. पण मशीन न्हाय तर काय हातानं तोडू पाचट? तू येतीस तोडायला?"

"येते की. तू बस बांधावर, बिडी वढत."

लोक हसले. मग कलगोंडा बसलाय हे आठवून त्यांनी हसू आवरलं.

भरमूनं गळा साफ केला. "मी काय म्हणतो, लाईनच्या तारेची ठिणगी पडली म्हणून लिहून द्यायचं. कंपनी ते माफ करती. शेजारच्या गटानं तसंच केलतं."

"वड्याकडच्या रानावरनं तार कुठं गेलीय?" कुणीतरी विचारलं.

"वरनं तार दिसती व्हय त्यांना? धूर दिसतो नुसता."

सगळे कलगोंडाकडं बघायला लागले. लिहून त्यानंच द्यायचं होतं.

"मी जाऊन येतो मच्छेला," तो म्हणाला. "बारावं झालं की."

"जाऊन काय सांगणार, अण्णा?"

तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं. "जाऊन बघतो," म्हणाला.

*

मधले दिवस तो घरात बसला नाही. निशा म्हणाली, "मामा, लोक नावं ठेवतील." तो म्हणाला, "ठेवू देत. मंगळवारपतोर जेवढी रानं हुतील तेवढी हुतील."

भरमू ट्रॅक्टर चालवायचा आणि कलगोंडा पुढं चालत सरीतले दगड, उसाचे बुडखे, एखादी राहिलेली पाण्याची पाइप बाजूला काढायचा. मशीनची पाती दगडावर आपटली की मोडायची. उन्हं फेब्रुवारीतच एप्रिलासारखी झाली होती. पाचटाची बारीक काटेरी कूस मानेवर, कोपरांत घुसायची आणि घामानं आग आग व्हायची. पाल्याच्या कडांनी पोटऱ्या चिरल्या. दुपारी तो विहिरीवर हातपाय धुवायचा तेव्हा तळहाताला पाणी लागून झोंबायचं. त्याला ते बरं वाटायचं. घरातल्या शांततेपेक्षा बरं.

मागं वळून बघितलं की कुट्टी सरीत पसरलेली दिसायची, बोटभर तुकडे, मातीच्याच रंगाचे. शुक्रवारी तीन चिंध्या सुटल्या, शनिवारी बारावं म्हणून मशीन बंद राहिली, रविवारी चार.

रविवारी सांजच्याला जयाबाईनं आपली चिंधी सोडली आणि पिवळ्या चिंधीला हात लावून म्हणाली, "अण्णा, आता तुझं रान करून घे. परवा मशीन जायची. कोण काय म्हणनार न्हाय."

"तिनं शेवटाला बांधलीय."

"तिला कुठं म्हाईत हुतं?"

"तरी पण," कलगोंडा म्हणाला आणि भरमूला पुढच्या रानाकडं चल म्हणून खूण केली.

*

सोमवारी तो निपाणीतून सकाळच्या बसनं निघाला. निशानं बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाला. काकती मागं पडली, बेळगाव आलं, तिथून मच्छेची दुसरी बस. उतरल्यावर फाटक शोधावं लागलं नाही. चिमणी लांबूनच दिसत होती.

फाटकावर नाव, गाव, काम लिहायचं होतं. पहारेकऱ्यानं कामाच्या रकान्यावर बोट ठेवलं. कलगोंडानं लिहिलं, पाचट. पहारेकऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि त्याला पाऊण तास बाकावर बसवलं. आत येणारे जाणारे त्याच्या मुंडलेल्या डोक्याकडं आणि पंचाकडं बघून जात होते.

रूपाली मॅडम त्याला न्यायला आल्या. गटाच्या गावांत फिरायचं काम त्यांचं. मूळच्या गुंजीच्या, वय असेल अठ्ठावीस. पद्मावतीनं त्यांना कितीतरी वेळा जेवायला घातलं होतं.

"काका, तुम्ही कशाला आलात? मला फोन करायचा. आक्का कशा आहेत? मध्ये आजारी होत्या ना?"

कलगोंडानं पंचा खांद्यावर नीट केला. "ती गेली, मॅडम. दोन तारखेच्या रात्री."

त्या जागीच थांबल्या. मग तारखेचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटला. त्यांनी तोंडावर हात धरला.

आत नागेंद्र साहेब होते. पर्यावरणाचं सगळं त्यांच्याकडं. ते कानडीतून बोलायला लागले आणि कलगोंडानं कानडीतूनच उत्तरं दिली. दोन्ही भाषा त्याच्या घरच्याच. रूपाली मॅडमनी साहेबांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण फॉर्म भरावा लागेल. कारण निवडलं की मी पुढं पाठवतो."

रूपाली मॅडमनी पडद्यावर यादी काढली आणि वाचली. मजूर मिळाले नाहीत. कीड पडली. शेजारच्या रानातून आग आली. विजेच्या तारेची ठिणगी. माहीत नाही.

"चौथं टाकू का?" साहेब म्हणाले. "त्यानं सुटतं. कुणी तपासायला येत नाही."

कलगोंडानं खिडकीतून बाहेर बघितलं. भरमूनं सांगितलं होतं तेच साहेबही सांगत होते. मान हलवली की काम झालं. संध्याकाळपर्यंत गावाला निरोप, मशीन गावात. घसा कोरडा पडला होता. पाणी कुणी विचारलं नव्हतं.

"रानावरनं तार जात न्हाय, साहेब."

"ते मला माहीत नाही असं समजा."

"मला म्हाईत हाय की. दोन वर्षं ती दर सोमवारी रानारानाचे फोटो काढून ह्यांना धाडत हुती. एकदा एकानं म्हटलं, आक्का, शेजारच्या रानाचा फोटो काढ आनि माझा म्हणून धाड. तिनं त्याच्या हातचा चहा प्यायला न्हाय, तशीच उठून आली. तिच्या शेवटच्या दिवसावर मी खोटं लिहून देऊ?" तो थांबला. "माझी बायको जळत हुती, साहेब. त्याची ठिणगी पडली. हे लिवा."

"असं कारण यादीत नाही," रूपाली मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मग यादीत घाला."

बाहेर भट्टीचा आवाज एकसारखा चालू होता. कलगोंडाला वाटलं, आता उठावं. पण आलोच आहे तर सगळंच बोलावं, असंही वाटलं. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. घरात बोलणारी दुसरी होती.

"आमच्या चार गुंठ्यांचा धूर तुमाला आभाळातनं दिसला. ह्या चिमणीचा कोण बघतंय?"

"चिमणीला मोजायचं यंत्र आहे," साहेब म्हणाले. "रोज नोंद होते."

"नोंद कोण करतं?"

"आमचीच माणसं."

"आमचं वरनं मोजता. तुमचं तुमीच." आवाज चढवून नाही, बाजारात वजन बघून माणूस बोलतो तसं तो म्हणाला. "बरं, ते ऱ्हाऊ दे. मला त्यातलं कळत न्हाय. पाचटातलं कळतं. एक मशीन दिली आनि एक्केचाळीस रानं तुमच्या यादीत घेतली. माझी पाळी शेवटची. पाळी यायच्या आधी बायको गेली. दुसरी मशीन असती तर त्या दिवशी पाचट मातीत असतं. ठिणगी पडून जाग्यावर विझली असती. रानं एक्केचाळीस मोजलीत, मग मशीन एकच कशी मोजली?"

नागेंद्र साहेबांनी पडद्याकडं बघितलं, मग टेबलाकडं. "एका गटाला एक, असंच ठरलं होतं," ते म्हणाले, पण म्हणताना त्यांनाच ते पटत नव्हतं असं दिसलं. "गट परत यादीत घेणं माझ्या हातात नाही. ते बेंगळुरूला ठरतं. मी सगळं आहे तसं लिहून पाठवतो. मशीनचं..." ते अडखळले.

"सर," रूपाली मॅडम म्हणाल्या, "गुंजीकडच्या गटाची मशीन पंधरा दिवस शेडमध्ये उभी आहे. तिकडचं काम संपलंय. मी दोनदा मेल केला होता."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. त्या खाली बघेनात.

"केला होता," साहेब म्हणाले. मग रूपाली मॅडमना म्हणाले, "ह्यांना पाणी द्या आधी."

एवढ्यावर तो परत आला. हातात कागद नव्हता. डेअरीसमोर माणसं वाट बघत होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "खरं काय ते सांगून आलो."

रविराजनं कपाळावर हात मारला. "झालं! एवढं तिकीट काढून खरं सांगायला गेलतास व्हय, अण्णा?"

*

मंगळवारी अकराच्या सुमाराला टेम्पो आला. मशीन कलगोंडाच्या गोठ्यासमोर उभी होती. भरमूनं पहाटेपासून अजून एक रान उरकून ती धुऊन ठेवली होती. जयाबाई आणि चार बायका चिंध्या सोडून घ्यायला आल्या होत्या. दुसऱ्याच्या दारात आपलं लुगडं जायला नको म्हणून. रविराज लांब बांधावर उभा होता.

टेम्पो मागं घेत घेत आला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग निशा म्हणाली, "मामा, ह्यात काहीतरी हाय."

ताडपत्रीखाली दुसरी कुट्टीची मशीन होती. रंग उडालेली, एका बाजूला पोचा आलेला. ड्रायव्हरनं फळकूट पाडलं. "उतरून घ्या लवकर. दोऱ्या माझ्या हायत, त्या परत द्या. रूपाली मॅडमनी सांगितलंय, दोन्ही पाडव्यापतोर ठेवायच्या. पुढचं पुढं."

मग भरमू ओरडला, "अरं, बघताय काय? खांदा द्या!" आणि माणसं धावली. सगळ्यांत पुढं रविराज होता. बांधावरून कधी उतरला ते कुणी बघितलं नाही. मशीन जमिनीला लागली तेव्हा त्यानं तिच्या पोच्यावर थाप मारली. "हिला माझा ट्रॅक्टर. पण आधीच सांगतो, अण्णासारखं दगड येचत म्होरं चालायला मला जमायचं न्हाय. पोट आडवं येतंय."

"चालशील," जयाबाई म्हणाली. "बिडी सोडलीस की चालशील."

राहिलेल्या चिंध्या बायकांनी दोन्ही दांड्यांवर वाटल्या. लाल कुणाची, ठिपक्यांची कुणाची, हिरवी बाळाबाईच्या सासूची, ती पण आता नाही. जयाबाईनं पिवळी हातात घेतली आणि नव्या मशीनवर सगळ्यांत पुढं धरली. कलगोंडानं तिच्या हातातून चिंधी घेतली आणि जुन्या मशीनच्या दांडीला शेवटच्या जागेवर बांधली. सोलवटलेल्या बोटांनी गाठ नीट बसेना. निशानं पुढं होऊन ती आवळली.

दुपारी तो वड्याकडच्या रानात गेला. काळ्या चार गुंठ्यांच्या मधोमध उभा राहिला. ह्या वेळी पाठ करून नाही. कडेला, जिथं आग थांबवली होती, तिथलं पाचट त्यानं पायानं सारलं आणि मूठभर माती उचलून दाबली. वल होती. मातीचा गोळा त्यानं आग लागलेल्या बाजूला ठेवला आणि दोन्ही मशिनींचा आवाज येत होता तिकडं चालायला लागला.

दोन मशिनी झाल्यावर रोज तीन-चार रानांऐवजी पाच-सहा व्हायला लागली, पण मध्ये जुन्या मशीनचं पातं मोडलं आणि चार दिवस गेले. एकाही रानात काडी लागली नाही. नागेंद्र साहेबांचा एक फोन आला होता, लिहून पाठवलंय एवढंच सांगायला. बेंगळुरूहून उत्तर आलं नाही. फॉर्मातल्या कारणांची यादी होती तेवढीच आहे. मच्छेची चिमणी कंपनीच मोजते. गावाचं नाव यादीत परत आलेलं नाही. सहा रानं राहिलीत, आणि त्यातलं शेवटचं कलगोंडाचं.